जाहिरात संपल्यावर फोन कोण उचलतं?

मुकेशला ओळखत नाही असा सिनेमाला जाणारा माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. भुसावळकडचा हा चोवीस वर्षांचा तरुण गुटख्याने झालेल्या तोंडाच्या कर्करोगामुळे २००९ मध्ये गेला. मुंबईच्या टाटा रुग्णालयात चित्रित केलेलं त्याचं निवेदन पुढे वर्षानुवर्षं पडद्यावर दिसत राहिलं. तो बोलला हिंदीत, पण त्याची वाक्यं मराठी पोरांनाही तोंडपाठ झाली. आधी त्यांची नक्कल झाली, मग मीम झाली. मरणाच्या दारातल्या पोराच्या बोलण्यावर अख्खं थिएटर हसतं, म्हणून अनेकांनी समाज किती निबर झाला आहे यावर लिहिलं. ते मला पटत नाही. हसणाऱ्यांत खिशात पुडी बाळगणारेही भरपूर होते, आणि ते हसले कारण त्यांना घाबरवलं होतं, पण घाबरल्यावर करायचं काय हे सांगितलं नव्हतं.

भीतीच्या संदेशांवर काम करणाऱ्या अमेरिकी संशोधक किम विट यांनी १९९२ मध्ये हे नीट मांडलं. धोका दाखवला की माणूस मनातल्या मनात दोन गोष्टी तपासतो. हे माझ्यावर येऊ शकतं का, आणि येऊ नये म्हणून माझ्या हातात काही आहे का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असं आलं, की तो धोक्याशी झगडायचं सोडून भीतीशीच झगडायला लागतो. थट्टा करतो, चॅनेल बदलतो, नाहीतर टपरीवरचं ते सुप्रसिद्ध वाक्य टाकतो, ‘आमचा आजा नव्वदीपर्यंत खात होता, त्याला काय झालं?’ या आजोबांनी महाराष्ट्रात जितक्या चुना-तंबाखूला आधार दिलाय, तितका कुठल्या कंपनीच्या जाहिरातीने दिला नसेल.

आता सालं पाहा. मुकेशची मोहीम २००९ ची. चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्ये तंबाखूविरोधी जाहिरात दाखवायची सक्ती आली ऑक्टोबर २०१२ मध्ये. आणि तंबाखू सोडायला मदत करणारी राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन, १८००-११-२३५६, दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली मे २०१६ मध्ये. म्हणजे सात वर्षं आपण कोट्यवधी लोकांना कापलेले जबडे दाखवले आणि त्यांना फोन करायला देशभर चालेल असा एक क्रमांकही दिला नाही. मधल्या काळात ज्याने ठरवलं, त्याने एकट्याने ठरवलं आणि बहुधा एकट्यानेच मोडलं. कुणाचीही मदत न घेता सिगारेट सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शेकडा तीन ते पाच असतात, आणि बहुतेकांची घसरण पहिल्या आठ दिवसांतच होते. हे निर्धाराच्या कमतरतेचं लक्षण नव्हे. निकोटीनची तलफ अशीच असते.

माझं म्हणणं असं की जाहिरात आणि हेल्पलाइन या दोन योजना नाहीतच. ती एकच योजना आहे, आणि तिचं मोजमापही एकाच आकड्याने व्हायला हवं. वर्षभरानंतर किती माणसं तंबाखूपासून सुटलेली आहेत? जाहिरात किती जणांनी पाहिली, किती जणांना आठवते, फोन किती आले, हे सगळे वाटेतले आकडे आहेत.

ऑस्ट्रेलियाने हे लवकर ओळखलं. तिथली राष्ट्रीय तंबाखूविरोधी मोहीम १९९७ च्या जूनमध्ये सुरू झाली. प्रत्येक सिगारेट तुमचं नुकसान करते आहे, असा तिचा सूर होता. तिच्या एका जाहिरातीत सिगारेट ओढणाऱ्याच्या महारोहिणीतून, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीतून, चरबीचा पिवळट चिखल पिळून बाहेर काढलेला दाखवत. पाहताना शिसारी यायची. पण प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी क्विटलाइनचा, म्हणजे सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा, क्रमांक होता. एवढंच नव्हे, तर एक माणूस त्या क्रमांकावर फोन करतो, पलीकडून कोण काय बोलतं, हे दाखवणारी वेगळी जाहिरातही त्यांनी केली. मला ही जाहिरात त्या चिखलापेक्षा महत्त्वाची वाटते. हेल्पलाइनला फोन न करणाऱ्याला क्रमांक ठाऊक नसतो असं नाही. पलीकडचा माणूस आपल्याला झापेल, नाव-गाव विचारेल, प्रवचन देईल, ही धास्ती असते. ती धास्ती काढायची तर संभाषण ऐकवावं लागतं.

त्याच मोहिमेतल्या फोनांचा अभ्यास झाला तेव्हा आणखी एक गंमत दिसली. प्रेक्षक ज्या कार्यक्रमात फारसा गुंतलेला नसतो, त्यात दाखवलेल्या जाहिरातींमुळे फोन जास्त येत होते. सरळ आहे. रंगात आलेली मालिका सोडून फोनकडे कोण जाणार? आता याच्या शेजारी आपलं थिएटर ठेवून पाहा. अंधार, फोन सायलेंटवर, शेजारी बायको-मुलं किंवा मित्र, आणि दोन मिनिटांत नायकाची एंट्री. फोन करायला याहून अडचणीची जागा शोधून सापडणार नाही. नंतरच्या जाहिरातींच्या शेवटी क्रमांकही येऊ लागला, पण तो पडद्यावर टिकतो किती वेळ आणि टिपून घेतो कोण? नियमाने थिएटर आपोआप मिळालं, त्याचे पैसे पडत नाहीत, म्हणून आपण सगळी भिस्त थिएटरवर ठेवली. २०२३ च्या सप्टेंबरपासून हाच नियम ओटीटीलाही लागू झाला. तिथे निदान फोन हातातच असतो, बऱ्याचदा चित्रपटच फोनवर चालू असतो. तिथे बोट लावताच फोन लागेल अशी सोय करणं तांत्रिकदृष्ट्या किती अवघड आहे? नियमाने मात्र सिनेमाचाच साचा उचलून तिथे बसवला. (चित्रपटाआधीच्या अशाच एका जाहिरातीत धूम्रपानावरचे पैसे बायकोच्या सॅनिटरी पॅडवर खर्च कर असं सांगणारे अक्षय कुमार २०२२ मध्ये एका पानमसालावाल्या कंपनीच्या वेलचीच्या जाहिरातीत दिसले. ओरड झाल्यावर त्यांनी माफी मागून माघार घेतली. त्यांच्या पंगतीत बसलेले इतर मोठे तारे उठल्याचं मात्र ऐकिवात नाही.)

अमेरिकेचं उदाहरण जास्त बोलकं आहे, कारण तिथे मोजमाप कसून झालं. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, १९ मार्च २०१२ पासून बारा आठवडे एक मोहीम चालवली. घशाला भोक पडलेल्या, पाय कापलेल्या, कधीकाळी सिगारेट ओढणाऱ्या खऱ्या माणसांनी आपली दिनचर्या सांगायची आणि खाली क्विटलाइनचा क्रमांक. त्या काळात क्विटलाइनच्या फोनांत १३२ टक्क्यांची वाढ झाली. मोहीम थांबली आणि फोन जवळपास पूर्वीच्या पातळीवर आले. जाहिरातींचा परिणाम साठत नाही, नळ चालू असेतोवरच पाणी येतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मूल्यमापनात त्या बारा आठवड्यांमुळे सोडण्याचा प्रयत्न करणारे सुमारे सोळा लाख जण वाढले आणि त्यांतले एक लाखाच्या आसपास कायमचे सुटले असा अंदाज होता.

सोळा लाखांतून एक लाख. ‘म्हणजे पंधरा लाख नापास!’ असं म्हणणारे भेटतातच. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

समजा एखाद्या हेल्पलाइनला एरवी महिन्याला शंभर फोन येतात. जाहिरात नाही, काही नाही, तरी क्रमांक शोधून काढून फोन करणारी ही माणसं. निर्धार पक्का झालेला. त्यांतली बारा वर्षभराने सुटलेली आढळतात. मग सरकार मोठी मोहीम काढतं आणि फोन होतात हजार. यांत कच्च्या मनाचे खूप. कुणी रात्रीची जाहिरात पाहून हबकलेला, कुणाला बायकोने फोन लावून दिलेला, कुणी नुसताच ‘बघू तरी’ म्हणणारा. यांतली ऐंशी सुटतात. यशाचं प्रमाण बारावरून आठ टक्क्यांवर आलं. अहवाल लिहिणारा अधिकारी लिहिणार, ‘मोहिमेच्या काळात यशाचा दर घटला.’ दर घटला, पण बाराऐवजी ऐंशी घरं सुटली. आकडे माझ्या मनचे आहेत, पण तर्क कुठल्याही हेल्पलाइनला लागू पडतो. यशाची टक्केवारी हीच कसोटी धरली, तर सर्वांत उत्तम हेल्पलाइन ती, जिचा क्रमांक कुणालाच माहीत नाही.

टक्केवारीची दुसरी फसवणूक भागाकारात असते. सहा महिन्यांनी शंभर जणांना फोन केला, चाळिसांनी उचलला, वीस म्हणाले की सोडली. यश पन्नास टक्के की वीस? फोन न उचलणाऱ्यांत पुन्हा खायला लागलेले आणि लाजेने टाळणारेच जास्त असणार हे उघड आहे. तेव्हा वीस म्हणणंच प्रामाणिक. आपल्याकडे वर्तमानपत्रांत हेल्पलाइनच्या यशाचे गुलाबी आकडे येतात, तेव्हा खाली कितीने भागलं हे वाचकाने आधी शोधावं.

तरी एक शंका उरते आणि ती रास्त आहे. फोन करणारा मुळातच सोडायच्या तयारीत असतो, मग श्रेय फोनचं कशावरून? याचं सर्वांत देखणं उत्तर कॅलिफोर्नियातून आलं. तिथे राज्यव्यापी टेलिफोन सेवा १९९२ पासून आहे. फोन इतके येत की समुपदेशक पुरे पडत नसत. संशोधक शू-हाँग झू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तुटवड्यातूनच प्रयोग उभा केला. सेवेच्या आवाक्याबाहेर फोन गेले, की चिठ्ठी टाकल्यासारखे लोक दोन गटांत वाटायचे. एका गटाला समुपदेशक आपणहून फोन करणार. दुसऱ्याला पुस्तिका पाठवायची आणि त्याने स्वतः पुन्हा फोन केला तरच बोलायचं. एकूण ३,२८२ माणसं होती. वर्षभर टिकलेले पहिल्या गटात ९.१ टक्के, दुसऱ्यात ६.९. दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांनी स्वतः फोन करून समुपदेशन मिळवलंच. त्यांचा आणि पहिल्या गटातल्या तशाच लोकांचा हिशेब बाजूला काढल्यावर आकडे उरले ७.५ आणि ४.१. जवळजवळ दुप्पट. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

या प्रयोगात मला एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. ज्यांना फरक पडला ती माणसं पुन्हा फोन करणारी नव्हती. एकदा धीर करून फोन लावला, नंतर संकोच वाटला, कंटाळा आला, तलफ आली आणि गप्प बसले, अशांना पलीकडून फोन आला म्हणून ती टिकली. कॅलिफोर्नियातल्या या मंडळींनी फोनांचं वेळापत्रकही घसरणीच्या वेळा पाहूनच आखलं होतं. सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, तिसाव्या. सुरुवातीला दाट, मग विरळ. म्हणजे औषध आहे ते मागून येणारे फोन. माणसाने आपणहून केलेला पहिला फोन म्हणजे केसपेपर काढणं.

आता आपल्याकडे या. सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावरच्या चित्रमय इशाऱ्याखाली हेल्पलाइनचा क्रमांक छापणं सक्तीचं झालं. हा निर्णय फार चांगला होता. जाहिरात महिन्या-दोन महिन्यांत संपते, पाकीट रोज हातात येतं. फोन खरोखरच अनेक पटींनी वाढले. मुंबईत टाटा रुग्णालय, बंगळुरूत निम्हान्स आणि गुवाहाटीत बी. बोरुआ कर्करोग संस्था इथे जादा केंद्रं काढावी लागली, त्यामुळे मराठीत बोलणारा माणूस पलीकडे मिळू लागला.

पण पाकीट हातात येतं कुणाच्या? सिगारेट टपरीवर सुट्टी मिळते. पाकीट टपरीवाल्याकडे, गिऱ्हाइकाच्या हातात फक्त एक सिगारेट आणि दोरीला टांगलेला लायटर. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली. कुठल्याही कॉलेजबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून त्या बंदीची अवस्था पाहून घ्या. विदर्भात खर्रा खातात. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पन्नीत बांधून देतात. पन्नीवर ना चित्र, ना क्रमांक. इकडचा मावाही तसाच. आणि घरोघरी बायका जी मिश्री लावतात, ती तव्यावर तंबाखू भाजून घरीच केलेली असेल तर पाकिटाचा प्रश्नच येत नाही.

हा किरकोळ अपवाद नाही, महाराष्ट्रात हाच नियम आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे निघाले. धूर काढणारे फक्त ३.८ टक्के, धूरविरहित तंबाखूवाले २४.४. पुरुष ३५.५ टक्के, बायका १७. जगभरातलं हेल्पलाइनचं बहुतेक संशोधन सिगारेटवर झालेलं आहे, आणि आमच्या जाहिरातींत अजूनही धुराची वलयं आणि काळी पडलेली फुप्फुसं फार. हातावर तंबाखू मळणाऱ्या माणसाला काळं फुप्फुस दाखवलं तर तो निश्चिंत होतो. ‘आपण कुठं ओढतो?’ असं म्हणून बार भरतो.

याच सर्वेक्षणात देशातल्या तंबाखू खाणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी सोडायचा विचार असल्याचं सांगितलं. म्हणजे मन वळवायचं काम अर्धं झालेलं आहे. तरी सरकारी खर्चाचा आणि कल्पकतेचा ओघ अजून मन वळवण्याकडेच. कारण जाहिरातीचं उद्घाटन करता येतं, मंत्र्यांचा फोटो छापता येतो. समुपदेशकांच्या वीस खुर्च्या वाढवल्या याची बातमी होत नाही. पण मोहीम काढायची आणि खुर्च्या तेवढ्याच ठेवायच्या, याचा अर्थ एवढाच की कधी नव्हे तो धीर गोळा केलेल्या माणसाला ‘आपण रांगेत आहात’ हे ऐकवायचं. असे बरेच जण दुसऱ्यांदा फोन करत नाहीत, कॅलिफोर्नियाचा प्रयोग हेच सांगतो. सुरू झाली तेव्हा आपली हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालायची आणि सोमवारी बंद असायची. रात्री जेवण झाल्यावर जी तलफ येते, तिच्यासाठी आठ ही वेळ फार लवकरची आहे. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, ट्रकचालक, साखर कारखान्याच्या हंगामातला कामगार यांच्यासाठी तर विचारूच नका.

मागून येणाऱ्या फोनांची एक अडचण खास आपल्या काळाची आहे. अनोळखी क्रमांक कोण उचलतं? कर्ज हवंय का, प्लॉट हवाय का, तुमचं केवायसी संपलंय, यांनी लोक इतके वैतागलेत की सातव्या दिवशी समुपदेशकाने लावलेला फोन सरळ कापला जातो, आणि हेल्पलाइनच्या वहीत लागतं ‘प्रतिसाद नाही’. बँका आणि सरकारी सेवांच्या फोनसाठी १६० ने सुरू होणारी क्रमांकमालिका २०२४ मध्ये जाहीर झाली. हेल्पलाइनच्या परतीच्या फोनला असा एकच ओळखीचा क्रमांक हवा. तो पहिल्याच संभाषणात फोन करणाऱ्याला ‘तंबाखू सोड’ या नावाने जतन करायला लावला, तरी फोन उचलले जाण्याचं प्रमाण वाढेल असं मला वाटतं. यात मोठं विज्ञान नाही, आणि जाहिरातीच्या तुलनेत पैसा तर नाहीच.

मग भीती दाखवणं बंद करायचं का? अजिबात नाही. गुळमुळीत, ‘आरोग्यं धनसंपदा’ छापाच्या जाहिरातींनी फोनची घंटा वाजत नाही. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत फोन वाजले ते अंगावर येणाऱ्या जाहिरातींनीच. मुकेशची जाहिरात वाईट नव्हती, ती अर्धी होती. तिच्या मागे उरलेले पंधरा सेकंद हवे होते, ज्यांत त्याच वयाचा, त्याच बोलीतला एखादा पोरगा फोन लावतो, पलीकडून ताई विचारते, ‘सकाळी उठल्यावर पहिली पुडी किती वेळात लागते?’ आणि तो खरं सांगतो. अशी जाहिरात अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत करायला काय हरकत आहे? आणि ती कधी, कुठल्या वाहिनीवर, किती वेळा लागणार याचा तक्ता महिनाभर आधी टाटातल्या मराठी समुपदेशकांच्या टेबलावर हवा, म्हणजे त्या आठवड्यांत माणसं वाढवता येतील.

उरल्या मिश्री लावणाऱ्या बायका. त्यांच्यापर्यंत पाकीट पोहोचत नाही, थिएटर पोहोचत नाही, आणि घरातला फोन बऱ्याचदा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. चार माणसांत ‘मला मिश्रीची सवय आहे’ असं फोनवर बोलणं त्यांना जमणारं नाही. इथे जाहिरातीचा काही उपयोग नाही, हे एकदाचं मान्य करावं. पण आशाताई त्यांच्या घरात जातात, बाळंतपणाच्या आधीही आणि नंतरही. पहिला फोन आशाताईंनी आपल्या मोबाइलवरून लावून द्यावा, बाकीचे परतीचे फोनही त्यांच्याच भेटीच्या दिवशी, त्यांच्याच मोबाइलवर यावेत, आणि अशा प्रत्येक नोंदणीचा मोबदला त्यांना ठरवून मिळावा. मोफत राबायला आणखी एक काम म्हणून हे त्यांच्या गळ्यात मारायचं असेल तर नकोच.